जवळ आहे, पण जोडलेले नाही

अंबडला रेल्वे नाही. तिथला प्रवासी एस.टी.ने जालन्याला जाऊन आगगाडी पकडतो. संगणकावरचा नकाशा मात्र कधीकधी ‘मार्ग नाही’ म्हणतो. दोष कुठे असतो?

१७३६ साली ऑयलरने क्योनिग्सबर्गच्या सात पुलांचे कोडे सोडवताना अंतरे वगळून फक्त जोडणी पाहिली. १९५९ साली डायक्स्ट्राने लघुतम मार्गाची रीत प्रसिद्ध केली; तीत प्रत्येक रेषेची लांबी ठरलेली असते. एस.टी.ची रेषा मात्र वेळापत्रकापुरतीच असते. १९६६ साली कुक व हॅल्सी यांनी निघण्याची वेळही हिशेबात घेतली.

म्हणून आधी वार-वेळ तपासावी, मग जोडणी. बसस्थानक ते रेल्वेस्थानक हा पायी रस्ता नोंदलेला नसेल, तर जालन्यात उतरलेला प्रवासी संगणकाच्या लेखी तिथेच अडकतो.