कोल्हापूरचा नवा राजवाडा

आम्हा वऱ्हाडकरांना राजवाड्याची सवय नाही. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. तेव्हापासून कित्येक वर्षे नावाचा धनी हैदराबादेस आणि कारभार साहेबाच्या हाती! त्यामुळे शाहू महाराजांचा धडा आला, की आमच्या मंगरूळपीरची मुले हटकून विचारतात, "गुरुजी, महाराज राहे कुठी?"

कोल्हापुरात भवानी मंडपाकडून कसबा बावड्याकडे जाऊ लागले, की हे उत्तर काळ्या घडीव दगडात उभे असलेले दिसते. अष्टकोनी इमारत, मधोमध घड्याळाचा उंच मनोरा आणि सभोवार लहान मनोरे. मेजर चार्ल्स मँट या इंग्रज स्थापत्यकाराने तिचा आराखडा केला. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचा मूळ आराखडाही त्याचाच. छत्र्या, घुमट, महिरपी कमानी अशा हिंदू, जैन व मुसलमानी धाटणीच्या खुणा त्याने येथे एकाच इमारतीत नांदविल्या आहेत. दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवचरित्रातील प्रसंग आहेत. सूर्य वर आला, की इतिहासातूनच उजेड आत येतो.

१८७७ साली काम सुरू झाले, १८८४ साली संपले, आणि खर्च आला सुमारे ७ लाख रुपये. पण या सात वर्षांत काय काय घडून गेले! १८८१ साली खुद्द मँटच वारला. गादीवरील तरुण राजे चौथे शिवाजी यांना वेडाचे कारण देऊन अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले होते. त्यांच्या छळाविषयी लिहिले म्हणून दिवाण बर्वे यांनी खटला भरला, आणि १८८२ साली टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. २५ डिसेंबर १८८३ रोजी राजांनी त्या किल्ल्यातच देह ठेवला. वाडा पुरा होत आला होता. त्याचा आराखडा करणारा नव्हता आणि ज्याच्या राज्यात तो उभा राहिला, तोही नव्हता.

१७ मार्च १८८४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यातील नऊ वर्षांचा यशवंतराव दत्तक आला. तेच आपले शाहू छत्रपती. १८९४ साली अधिकार हाती येताच त्यांनी स्वतःच्या वाड्याला मजले चढविले नाहीत. गावात पोरांसाठी घरे उभी केली. १९०१ पासून मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य मानलेल्या जाती, अशा एकेका समाजाची वसतिगृहे निघाली. २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. १९१७ साली सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आले. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड! स्वतः महाराज पुढे पुढे सोनतळीच्या साध्या छावणीतच पुष्कळदा मुक्काम करीत.

म्हणून वर्गात मी मुलांना सांगतो : महाराज राहत या वाड्यात, पण त्यांचा खरा संसार वसतिगृहांत होता. खेड्यातून आलेल्या पोराला गावात पाठ टेकायला जागा मिळाली नाही, तर त्याचे पुस्तक मिटते, हे मास्तरकी करणाऱ्यास सांगावे लागत नाही.

वाडा आजही ओस नाही. १९७४ पासून तळमजल्यावर शहाजी छत्रपती संग्रहालय आहे. तेथे शस्त्रे, चित्रे, पोशाख पाहावयास मिळतात. आणि राजघराणे अजून तेथेच राहते. हल्लीचे शाहू छत्रपती २०२४ साली लोकसभेवर निवडून गेले. ज्या घराण्यापुढे एके काळी प्रजा अर्ज घेऊन उभी राही, त्या घराण्याने प्रजेच्या दारी जाऊन मत मागितले. सुट्टीत कोल्हापूरला गेलात, तर अंबाबाईच्या दर्शनानंतर मुलांना हा वाडा जरूर दाखवा. आणि जमल्यास एखादे वसतिगृहही.