पेटी : खेळाची आणि गाण्याची

संगणकासाठी साउंड कार्ड घ्यावयास निघालेल्या गृहस्थास जाणता दुकानदार प्रथम एकच प्रश्न करतो : गाण्यासाठी हवे की खेळासाठी? प्रश्न नवा वाटतो. परंतु 'खेळ' म्हणजे नाटकाचा प्रयोग असे ज्या काळी समजत, त्या काळी महाराष्ट्रात तो चांगला गाजलेला होता. वाद तेव्हा बाजाच्या पेटीचा होता. आणि ज्या एका गळ्यात गाणे व खेळ ही दोन्ही पुढे एकवटली, त्याला पहिले वळण लागले ते खानदेशात, जळगावी.

नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच पुढचे बालगंधर्व, यांचा जन्म १८८८ चा. बालपणी ते जळगावास आप्तांकडे राहिले आणि तेथे मेहबूबखाँ यांच्यापाशी गाण्याचे पहिले धडे त्यांनी घेतले. उस्तादापुढे बसून घेतलेली विद्या गळ्याकडून गळ्याकडे जाते. तीत स्वर एका जागी खिळलेला नसतो. तो सरकतो, झुलतो, शेजारच्या स्वराला स्पर्श करून परत येतो. १९०५ साली राजहंस किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले आणि हे गाणे रंगभूमीवर आले.

रंगभूमीची गरज मात्र निराळी. नाटक मंडळ्या गावोगाव फिरत. चाळीसगावाहून धुळ्यास जाणारा आगगाडीचा फाटा १९०० साली सुरू झाला, आणि १९०६ साली खानदेशाचे दोन जिल्हे होऊन जळगाव व धुळे ही दोन्ही जिल्ह्यांची ठाणी झाली. अशा गावी मंडळी उतरली म्हणजे ध्वनिवर्धकावाचून अगदी शेवटच्या रांगेपर्यंत सूर पोचवावयाचा, आणि तोही रात्र सरेपर्यंत! सारंगीची तात हवेबरोबर उतरते-चढते. खानदेशच्या वैशाखात तर विचारावयासच नको. पेटीतील पितळी पट्ट्यांना तेवढा त्रास होत नाही. १८४० ते १८४२ च्या दरम्यान पॅरिसच्या देबें याने घडविलेले हे वाद्य पायाने भाता चालवावयाचे होते; पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी ते हाताच्या भात्याचे, मांडी घालून वाजविण्याजोगे केले. फिरत्या मंडळीस याहून सोयीचे साधन कोणते?

१९१३ साली बालगंधर्वांनी गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी स्थापिली. टेंबे स्वतः नामांकित पेटीवादक होते. या मंडळीच्या साथीत पुढे कांबळे यांचा ऑर्गन आणि कादरबक्षांची सारंगी एकत्र नांदू लागली : भरदार आवाजासाठी ऑर्गन, आणि गळ्याच्या बारीक वळणांसाठी सारंगी. मंडळीने दोहोंपैकी एकाची निवड केलीच नाही. हा उपाय खर्चाचा खरा, पण इतका शहाणा उपाय पुढे कोणी योजलेला दिसत नाही.

पेटीवरील आक्षेप खोटा नव्हता. तिच्या सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. त्यामुळे तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गांधाराहून पेटीचा गांधार अर्ध्या स्वराच्या सुमारे सातव्या हिश्शाइतका चढा निघतो. आणि मींड तर तिच्यावर काढताच येत नाही. १९८३ च्या मिडी संकेतातही स्वरांचे क्रमांक याच बारा घरांचे आहेत. मींड हवी असल्यास तीसाठी वेगळी आज्ञा द्यावी लागते. कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स या गोऱ्या अधिकाऱ्याने बावीस श्रुतींची पेटी करविली. अब्दुल करीमखाँ यांचेही त्यांना साहाय्य होते. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर वाद झाला आणि पेटी मागे पडली. स्वर सरकवावयाचा, ही मूळ अडचण घरे वाढवून सुटणारी नव्हतीच.

अखेर निकाल दिला तो रेडिओने. दिल्ली केंद्रावरील पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख जॉन फोल्ड्स यांनी १९३८ साली पेटीविरुद्ध लेख लिहिला. रवीन्द्रनाथांचाही कौल पेटीच्या विरुद्ध होता. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर पेटी बंद झाली. मायक्रोफोनपुढे सारंगीचा सूक्ष्म स्वर सहज पोचतो, हे खरे. तेथे पेटीच्या मोठ्या आवाजाची आवश्यकता उरली नव्हती. परंतु नियम केला तो सर्वांसाठी सरसकट. ख्यालास जो न्याय, तोच नाट्यपदासही! जी पदे पेटी-ऑर्गनच्या संगतीतच वाढली होती त्यांनाही रेडिओवर ती संगत नाकारली गेली, आणि ज्यांचा चरितार्थ पेटीवर होता त्यांना एक मोठे दार बंद झाले. बैठकींतून मात्र गवई पेटी घेऊन गातच राहिले, आणि घराघरांतील मुलीही तिच्यावरच सारेगम शिकत राहिल्या.

बंदी सैल होण्यास १९७१ साल उजाडले. बालगंधर्व त्याआधी चार वर्षे, १९६७ साली, निवर्तले होते. जळगावचे आकाशवाणी केंद्र निघाले ते त्यानंतर. ज्या गावी त्यांनी पहिला सा लावला, त्या गावच्या खुल्या नाट्यगृहास आज त्यांचेच नाव आहे.