पोचपावती

यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या पुढे करंजीला दोन रस्ते एकमेकांना छेदतात. एक राष्ट्रीय महामार्ग ४४, कन्याकुमारीहून श्रीनगरला जाणारा. दुसरा यवतमाळहून मारेगावमार्गे वणीला जाणारा. दक्षिणेतून काश्मीरकडे निघालेल्या बुलेट पहिल्या रस्त्याने सरळ जातात. दुसऱ्या रस्त्याने वणी तालुक्यातलं नेरड गाव लागतं. जवान विकास जनार्दन कुळमेथे इथले.

१८ सप्टेंबर २०१६ च्या पहाटे उरीच्या लष्करी तळावर हल्ला झाला. जखमी कुळमेथे यांनी दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात प्राण सोडला. महाराष्ट्रातले आणखी तिघे त्या हल्ल्यात गेले : साताऱ्याचे चंद्रकांत गलांडे, नाशिकचे संदीप ठोक, अमरावतीचे विकास उईके.

आज शहिदांच्या स्मरणार्थ बाइक रॅली निघतात. मोटरसायकल आणि सैनिक यांचं नातं मात्र रॅलीपेक्षा बरंच जुनं आहे. दोन्ही महायुद्धांत टेलिफोनच्या तारा तुटल्या, वायरलेसवर शत्रूचे कान असले, की कागद घेऊन डिस्पॅच रायडर निघायचा. आपल्याकडे पन्नासच्या दशकात लष्कराने गस्तीसाठी बुलेट घेतली आणि १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली. गावोगावच्या तरुणांना बुलेट आवडते, त्यात या फौजी ओळखीचा वाटा मोठा आहे.

डिस्पॅच रायडरचं काम वेगाने गाडी हाकून संपत नसे. ज्याच्या नावाचा लखोटा, त्याच्या हाती देऊन सही घ्यायची. आम्ही सॉफ्टवेअरवालेही हेच मानतो : पोच आली नाही, तर निरोप गेला असं धरत नाहीत.

जून २०२४ मध्ये, कारगिल विजयाच्या पंचविसाव्या वर्षी, लष्कराच्या मोटरसायकल तुकड्या दिनजान, द्वारका आणि धनुष्कोडीहून द्रासला निघाल्या. द्रासच्या स्मारकावर मानवंदना तर होतीच, पण वाटेत वीरनारींना आणि माजी सैनिकांना भेटणं हाही मोहिमेचा भाग होता. डिस्पॅच रायडरची जुनी रीत तिथे मला दिसली.

स्मारकावर नावं कोरलेली असतात. ती नावं ज्या घरांतून गेली, ती घरं नेरडसारख्या गावांत, महामार्गापासून आत असतात. झेंडा लावून श्रीनगरपर्यंत जाणं अवघड आहेच, आणि त्याचं मोलही आहे. पण आदराचा निरोप ज्यांच्या नावाचा आहे, त्यांच्या दारापर्यंत न्यायचा, तर करंजीला गाडी वळवावी लागते.