सौ., गं. भा. आणि आप्पांची नमुन्यांची वही

गेल्या आठवड्यात इथे कुणीतरी 1960 सालची लग्नपत्रिका टाकली होती. ती पाहिली आणि आमचे आप्पा आठवले. म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

आमचं घर फतेगंजात. आप्पा रावपुऱ्यातल्या एका छापखान्यात खिळेजुळारी होते. रोज सायकलने कमाटीबागेवरून, विश्वामित्रीचा पूल ओलांडून जायचे. लग्नसराईत रात्री अकरा-अकराला परत यायचे, बोटं शाईने काळी. छापखान्यात दोन तऱ्हेचे खिळे होते. मराठी पत्रिकांसाठी बाळबोध आणि गुजराती कंकोत्रीसाठी गुजराती. आप्पा दोन्ही जुळवायचे, आणि उलट्या अक्षरांत सरळ पानापेक्षा भरभर वाचायचे.

पत्रिकेचा मजकूर दरवेळी नव्याने कोण जुळवणार? 'आमचे येथे श्रीकृपेकरून' पासून 'आपले विनीत' पर्यंतचा साचा तयार बांधून ठेवलेला असे. नावं, तिथी आणि स्थळ तेवढं बदलायचं. आप्पांकडे नमुन्यांची एक वही होती. मुलाकडची पत्रिका, मुलीकडची, मुंजीची, वास्तुशांतीची. प्रत्येक नमुन्याखाली पेन्सिलीने लिहिलेलं असे, हा कधी वापरायचा ते.

या साच्यात एक 'जर-तर' दडलेलं होतं. आई सवाष्ण असेल तर 'सौ.', नसेल तर 'गं. भा.', म्हणजे गंगा भागीरथी. गुजरातीत 'अ. सौ.' आणि 'गं. स्व.'. बाईला कुणी विचारायचं नाही, साचाच ठरवायचा. आणि बहुतेक वेळा निमंत्रक म्हणून तिचं नावच नसे, दीर किंवा भाऊ सही करत.

1979 साली शेजारच्या काकू आप्पांकडे आल्या. काका जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलीचं लग्न ठरलं होतं. म्हणाल्या, "भाऊजी, मुलगी मी वाढवली. पत्रिका माझ्या नावाने निघेल. आणि ते गं. भा. नको."

आप्पांनी वही चाळली. असा नमुना नव्हता. मग त्यांनी विचारलं, "वहिनी, तुमच्या नावाआधी काय लावू?" काकू जरा थांबून म्हणाल्या, "श्रीमती लावा." दुसऱ्या दिवशी आप्पांनी साचा सोडून नवा बांधला. वहीत नवीन पान झालं, आणि खाली पेन्सिलीने ओळ आली: 'आई निमंत्रक असल्यास. उपाधी त्यांनाच विचारावी.' पत्रिका निघाली. काही नातेवाइकांनी नाकं मुरडली, पण जेवायला सगळे आले!

आता माझ्या धंद्याकडे वळतो. मी वेबसाइटी बनवतो. तुम्हाला वाटेल, खिळ्यांचा आणि याचा काय संबंध? अहो, काम तेच. वेबपान म्हणजे साचाच. टिम बर्नर्स-ली यांनी 1991 साली पानं लिहिण्याच्या खुणांची पहिली यादी मांडली, तिच्यात जेमतेम 18 खुणा होत्या. मथळा, परिच्छेद, यादी, दुवा वगैरे. त्यांत 'जर-तर' नव्हतं, 'प्रत्येकासाठी हेच पुन्हा कर' हेही नव्हतं. छापील पानासारखं ते स्थिर पान.

मग लोकांनी साच्याची भाषा वाढवायला सुरुवात केली. 2009 साली ख्रिस वॉनस्ट्रॅथ यांनी 'मस्टॅश' काढलं. मस्टॅश म्हणजे मिशी. रिकाम्या जागेभोवतीचे महिरपी कंस आडवे केले की मिशीसारखे दिसतात म्हणून! त्यांचा आग्रह असा की साच्यात अक्कल नको, जागा तेवढ्या ठेवा. नंतर गूगलचं 'अँग्युलर' आलं, त्याने उलटा रस्ता धरला. तुम्हीच नवीन शब्द तयार करा, म्हणे, पान ते समजून घेईल. या घरगुती शब्दांना 'डिरेक्टिव्ह' म्हणतात. 2013 साली फेसबुकच्या 'रिॲक्ट'ने आणखी तिसरी वाट काढली, पान थेट प्रोग्रॅमच्याच भाषेत गुंफायचं.

मला अँग्युलर फार आवडलं. 2014 साली आपल्या ओळखीतल्या बडोदेकर कुटुंबांची एक सूची मी हौसेने त्यात केली. नाव, पत्ता, गाव, कुलदैवत. नावाआधीच्या उपाधीसाठी स्वतःचा एक शब्द बनवला. पानात तो एक शब्द लिहिला की बाकी सगळं आपोआप. पुरुष असेल तर 'श्री.', पती हयात असेल तर 'सौ.', नसेल तर 'श्रीमती'. काय सांगू, स्वतःवरच खूश होतो.

2017 साली एका गृहस्थांचं निधन झालं. घरच्यांनी कळवलं, मी तारीख भरली. त्याच रात्री सूचीत त्यांच्या पत्नीच्या नावाआधीचं 'सौ.' गेलं. मला पत्ताही नव्हता. दहाव्याच्या आतच फोन आला. त्या म्हणजे काकूंची तीच मुलगी, जिची पत्रिका आप्पांनी जुळवली होती.

रागावली नाही ती. म्हणाली, "अरे, आप्पाकाकांनी आईला विचारलं होतं. तू मला विचारलंस का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'श्रीमती' हा शब्द वाईट नव्हता, तिच्या आईने तोच मागून घेतला होता. पण आईने मागितला होता आणि मुलीवर तो माझ्या साच्याने लादला. आणि खरी गोम पुढेच आहे. सूची छापण्याआधी दोन-तीन जाणत्यांनी साचा वाचला होता. त्यांना काही खटकलं नाही, कारण पानात माझा एकच गोंडस शब्द दिसत होता. 'जर पती हयात नसेल तर' हे त्या शब्दाच्या पोटात, दुसऱ्याच फाइलीत होतं. खाली पेन्सिलीची ओळ नव्हती.

भाषा वाढवणं आपल्या बडोद्याला काही नवं नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात, 1931 साली, 'श्रीसयाजीशासनकल्पतरु' निघाला. राज्यकारभारातले शब्द आठ भाषांत शेजारी शेजारी मांडलेले. नवीन शब्द काढायचा, तर त्याचा अर्थ सर्वांसमोर मांडायचा, ही ती रीत. आप्पांची वही मला त्याच जातीची वाटते, लहान का असेना. माझा शब्द मात्र माझ्या एकट्याच्या डोक्यात.

जुन्या अँग्युलरची देखभाल 2021 च्या अखेरीस थांबली. त्यामुळे 2024 मध्ये सूची नव्याने लिहायला घेतली. तोवर अँग्युलरनेही आपली साच्याची भाषा बदलली होती. मधल्या काळात 'जर' लिहायला शब्दाआधी एक चांदणी लावायची, आणि एका खुणेवर एकच चांदणी चाले. नोव्हेंबर 2023 च्या 17 व्या आवृत्तीत @ हे चिन्ह लावून सरळ 'जर', 'नाहीतर', 'प्रत्येकासाठी' लिहिता येऊ लागलं. त्याची किंमतही होती. @ व्याकरणात गेला, म्हणून त्या आवृत्तीत मजकुरातला साधा @, ईमेलच्या पत्त्यातला सुद्धा, सांकेतिक रूपात लिहावा लागे. भाषेला नवं चिन्ह दिलं की ते रोजच्या वापरातून थोडं काढून घ्यावंच लागतं.

'प्रत्येकासाठी' लिहिताना कोणती नोंद कशावरून ओळखायची हेही आता सक्तीने सांगावं लागतं. आपल्यात एकाच नावाचे चुलत-चुलत भाऊ किती! मी नावावर न जाता सभासद क्रमांक धरला.

आणि तो घरगुती शब्द काढून टाकला. आता फॉर्मात एक रकाना आहे: 'आपल्या नावाआधी काय लावावे?' काही न लावण्याचीही मुभा आहे. पानात आता एकच 'जर' उरला आहे, तोही उघड्यावर: जर सांगितलं असेल तर लाव. कुणीही वाचावा. वर मी एक टीपही लिहिली आहे, साच्याला न दिसणारी, माणसांसाठी: 'उपाधी त्यांनाच विचारावी.'

फॉर्म पहिल्यांदा तिलाच पाठवला. तिने तो रकाना रिकामा ठेवला. नुसतं नाव.

आप्पांची वही अजून आमच्याकडे आहे, पानं पिवळी पडलीत, पेन्सिल पुसट झाली आहे. तुमच्याकडे आईच्या नावाने निघालेली जुनी पत्रिका असेल, मराठी किंवा कंकोत्री, तर फोटो जरूर टाका. साल आणि गाव लिहा. आणि घरातल्या बायकांनी मुद्दाम लिहा, तुमच्या नावाआधी काय लावायचं हे तुम्हाला कुणी कधी विचारलं होतं का?