काचेच्या छपराची व्याख्या

इंग्रजीतील ‘कॉन्झर्वेटरी’ या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. ‘हरितगृह’ म्हणावे तर ढोबळी मिरची आणि जरबेराची प्लास्टिकने आच्छादलेली शेडे डोळ्यांपुढे येतात. ‘काचघर’ म्हणावे तर त्यातील घरपण ठळक होते आणि झाडे हरवतात. व्हिक्टोरियन कादंबऱ्यांच्या वाचकाला मात्र ही जागा परिचयाची असते. दिवाणखान्याला लागून असलेली, तरीही दिवाणखान्याचे शिष्टाचार जिथे थोडे सैल होतात अशी ही जागा. झोलाने ‘ला क्युरे’मध्ये तर तिथल्या दमट उष्णतेलाच जवळजवळ पात्राचा दर्जा दिला. या जागेचा इतिहास पाहताना आम्हांला जाणवते ते असे की, तिचे भवितव्य कायद्यानेही घडवले आहे, आणि तेही प्रामुख्याने छपराच्या संदर्भात.

इंग्लंडमध्ये १६९६ पासून खिडक्यांवर कर होता. अठराव्या शतकात काचेच्या उत्पादनावरही कर बसला. प्रकाश ही म्हणजे ऐपतीची बाब होती. काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला, खिडक्यांवरचा १८५१ मध्ये; आणि त्याच १८५१ साली हाइड पार्कमध्ये जोसेफ पॅक्स्टनचा क्रिस्टल पॅलेस उभा राहिला. पॅक्स्टन मुळात माळी. चॅट्सवर्थ येथे त्याने त्याआधीच एक प्रचंड काचगृह उभारले होते, ज्याला ऊब पुरवणाऱ्या भट्ट्या जमिनीखाली दडवलेल्या होत्या. वर उष्ण कटिबंधातली झाडे, खाली कोळसा आणि तो टाकणारे हात! पहिल्या महायुद्धात कोळसा दुर्मिळ झाला, झाडे मेली, आणि १९२० मध्ये ती वास्तूच पाडण्यात आली. काच प्रकाश आत घेते, पण ऊब राखू शकत नाही, हे सत्य तेव्हाच उघडे पडले होते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही श्रीमंती हौस मध्यमवर्गीय परसदारी आली. १९८४ च्या इमारत कायद्याखाली १९८५ साली झालेल्या नियमांनी तिला सवलत दिली. जमिनीच्या पातळीवरचे, ३० चौरस मीटरपर्यंतचे काचगृह घराला जोडले तर सर्वसाधारण बांधकाम-नियमांतून सूट. घर आणि काचगृह यांच्यामध्ये बाहेरच्या प्रतीची भिंत, दार वा खिडकी असावी, ही अपेक्षा पुढे या सवलतीच्या गाभ्याशी आली. काचगृह घरात गणलेच जाऊ नये, असा हा करार होता.

आणि काचगृह म्हणजे काय? २००६ च्या मार्गदर्शक दस्तऐवजाने त्याचे उत्तर अपूर्णांकांत दिले : छपराचा किमान तीन चतुर्थांश आणि बाह्य भिंतींचा किमान अर्धा भाग प्रकाशपारगामी हवा. वाङ्मयप्रकारांच्या व्याख्यांवर वाद घालणाऱ्या आम्हांला या गणिती निःशंकतेचा थोडा हेवा वाटतो. तोही फार काळ करावा लागला नाही म्हणा. २०१० च्या आवृत्तीतून हे प्रमाण गळाले.

दरम्यान या खोल्यांतून झाडे जाऊन सोफे आले होते. पॉलिकार्बोनेटच्या छपराखाली हिवाळ्यात थंडी, उन्हाळ्यात काहिली, पावसात बोलणे ऐकू येणे मुश्कील. तेव्हा काच उतरवून उष्णतारोधक भरीव छप्पर घालण्याची टूम निघाली. पण इथेच सवलतीचा आधार निसटतो. असे छप्पर घातलेली जागा सामान्यतः विस्तारित खोली ठरते आणि बांधकाम-नियंत्रणाची मान्यता लागते. मुळात हलके छप्पर पेलण्यासाठी केलेली चौकट नवा भार सोसेल का, पाया पुरेसा आहे का, छपरात ओल साचणार नाही ना, हे प्रश्न मग अधिकाऱ्याने विचारायचे. शिवाय उष्णता किती झिरपावी याचीही मर्यादा आहे : इंग्लंडमध्ये जून २०२२ पासून लागू असलेल्या मार्गदर्शनात नव्या छपरासाठी दर चौरस मीटरला, तापमानातील दर अंश फरकामागे, ०.१५ वॉट.

यात अडवणूक आहे, असे अनेक घरमालकांना वाटते. आम्हांला ती तक्रार पुरती पटत नाही. कोसळू शकणाऱ्या छपराखाली बसणारी माणसे झाडांपेक्षा वेगळी मोजली जाणारच. खंत वाटते ती निराळ्या कारणाने. काचगृहाचे भरीव छप्पर झाले की आतल्या मूळच्या खोलीतला उजेडही उणावतो. ज्या दिवाणखान्याच्या खिडक्या पूर्वी बागेकडे उघडत, त्या आता दुसऱ्या एका खोलीच्या अंधाराकडे उघडतात, आणि दुपारीही दिवा लावावा लागतो.