इन्सुलिनोमा : दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया

स्वादुपिंडातील बीटा पेशींपासून होणारी, इन्सुलिन स्रवणारी गाठ. वर्षाला दर दहा लाखांमागे फार तर 4 जणांना ती होते. सुमारे 90 टक्के गाठी कर्करोगाच्या नसतात आणि बहुतेक 2 सेंमी.हून लहान असतात. रक्तातील साखर उतरली तरी गाठीचे इन्सुलिन थांबत नाही. पहाटे, उपाशीपोटी रुग्णाला दरदरून घाम फुटतो, तो असंबद्ध बोलू लागतो, कधी झटके येतात. साखरपाणी पाजले की काही मिनिटांत ताळ्यावर येतो. पण या लक्षणांवरून फिट किंवा मानसिक आजार समजून कित्येकांवर वर्षानुवर्षे भलतेच उपचार होत राहतात. निदानासाठी रुग्णालयात देखरेखीखाली 72 तासांपर्यंत उपाशी ठेवून साखर, इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड (शरीरात इन्सुलिनबरोबरच तयार होणारा घटक) मोजतात. टोचून घेतलेल्या इन्सुलिनबरोबर सी-पेप्टाइड वाढत नाही, म्हणून बाहेरून घेतलेले इन्सुलिन ओळखण्यासाठी ही तिसरी तपासणी.

गाठ काढून रुग्ण बरा करण्याचे पहिले श्रेय रॉस्को ग्रॅहम यांना जाते (टोरोंटो, 1929). इन्सुलिनचा शोधही 1921 मध्ये याच शहरात लागला होता. दुर्बिणीची पद्धत 1990 नंतरची. मिशेल गान्ये हे तिच्या आद्य शल्यचिकित्सकांपैकी एक.

पोटावर चार-पाच छिद्रे पाडून, आत कार्बन डायऑक्साइड भरून जठरामागील स्वादुपिंड उघडे करतात. पिवळसर ग्रंथीत लालसर-तपकिरी गाठ कधी चटकन दिसते, कधी मुळीच नाही. पोट उघडून करायच्या शस्त्रक्रियेत सर्जन बोटांनी चाचपून ती शोधत. दुर्बिणीत तो स्पर्श नाही. त्याची भरपाई ग्रंथीवरच टेकवलेल्या सोनोग्राफीच्या सळईने होते. ही सोय नसेल, तर दुर्बिणीचा आग्रह धरू नये. मुख्य स्वादुपिंड नलिका 2-3 मिमी. तरी दूर असेल, तर गाठ सोलून काढतात; चिकटून असेल आणि स्वादुपिंडाच्या शेपटीकडे (डाव्या टोकाकडे) असेल, तर तो भाग काढून प्लीहा शक्यतो वाचवतात.

दुखणे कमी, घरी लवकर परतणे हे फायदे खरे. स्वादुपिंडाचा पाचकरस झिरपण्याचा धोका मात्र छिद्रे लहान म्हणून घटत नाही. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस साखर उलट वाढलेली राहू शकते.

गाठ सापडत नसताना अंदाजाने शेपटीकडचा भाग कापून टाकण्याची जुनी पद्धत आता त्याज्य ठरली आहे.