उन्हाळ्याची संध्याकाळ कुणाची?

मे महिन्यात पुण्यात सात वाजले तरी उजेड असतो. पोरं घरात यायचं नाव घेत नाहीत आणि आईबापही फार ओरडत नाहीत. उन्हाळ्याचा दिवस मोठा असतो, याचा आपल्याला आनंदच होतो. पण साधारण १४० वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणी कामगारासाठी या मोठ्या दिवसाचा अर्थ वेगळा होता.

१८८०च्या आसपास बहुतेक गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते. काम उजाडल्यावर सुरू व्हायचं आणि अंधार पडल्यावर थांबायचं. त्यामुळे हिवाळ्यात कामाचे तास त्यातल्या त्यात कमी आणि उन्हाळ्यात ते तेरा-चौदापर्यंत जायचे. म्हणजे आज आपण ज्या संध्याकाळी मुलांना घेऊन गच्चीवर जातो, ती संध्याकाळ तेव्हा गिरणीच्या मालकीची होती. बाप घरी यायचा तेव्हा पोरं झोपलेली असायची.

काही घरांत तर पोरंही गिरणीतच असायची. १८८१च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी केली. सात ते बारा वयाच्या मुलांकडून दिवसाला जास्तीत जास्त नऊ तास काम घ्यावं, असंही ठरवलं. ही तेव्हाची सुधारणा होती! माझी मुलगी पाच वर्षांची आहे. आणखी दोन उन्हाळे गेले की ती सात वर्षांची होईल. इतिहासातले आकडे मी आधीही वाचले होते, पण हा आकडा वाचून मात्र थांबलो.

हे चित्र बदलायला ज्यांनी सुरुवात केली, त्यांचं मूळ गाव आपल्याच जिल्ह्यातलं. खेड तालुक्यातलं कन्हेरसर. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले कार्यकर्ते आणि 'दीनबंधू'चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी कमिशनपुढे ठेवला. मागण्या आज वाचल्या तर अगदी साध्या वाटतात: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार.

निकाल लागायला सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० रोजी, ऐन उन्हाळ्यात, मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षी कायद्यातही आठवड्याची सुट्टी आली.

मी विश्रांतवाडीत राहतो आणि दिवसभर कोड लिहितो. आमच्या उन्हाळ्यात सांगण्यासारखं फार काही नसतं. आळंदी रोडवरच्या हातगाडीवरून कलिंगड आणायचं, गच्चीवर पाणी मारायचं आणि तापलेली फरशी निवली की चटई टाकायची. लोहगावहून सुखोई उडालं की मुलगी कानावर हात ठेवून आकाशात बोट दाखवते. दोन वर्षांचा धाकटा तिचं बघून हात कानावर ठेवतो, पण विमान निघून गेल्यावर. पुढच्या उन्हाळ्यात त्याला ते वेळेवर जमेल आणि हे दृश्य संपेल. म्हणून ते आत्ताच बघायचं असतं. त्यासाठी सातच्या आत घरी असावं लागतं, एवढीच अट.

ही अट पुरी करायला पुढच्या अनेक लोकांची आयुष्यं खर्ची पडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि रमाबाईंच्या पाच मुलांपैकी चार लहानपणीच गेली. त्यातला राजरत्न गेला जुलै १९२६ मध्ये. दोनच वर्षांनी, जुलै १९२८ मध्ये, बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती रजेच्या बाजूने उभे राहिले. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. स्वतःच्या दुःखाचा त्या भाषणाशी संबंध होता का, हे मी सांगू शकत नाही. पण ती दोन वर्षं शेजारी ठेवून वाचल्यावर तो कायदा कोरडा वाटत नाही.

तास मात्र हळूहळू उतरले. १९२२ मध्ये आठवड्याला ६०, १९३४ मध्ये ५४ आणि १९४६ मध्ये ४८. तेव्हा केंद्रात मजूर खातं बाबासाहेबांकडेच होतं. १९४८च्या कायद्याने चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्याचं दार बंद केलं.

आता आपल्या पिढीला पुन्हा आठवड्याला ७०, अगदी ९० तासांचे सल्ले मिळताहेत. ते देणाऱ्यांना कदाचित माहीत नसेल, की आपण १९२२च्याही मागे जायला सांगतोय. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला बाप झाल्यावर १५ दिवसांची रजा मिळते. खासगी नोकरीतल्या बापासाठी अजून असा कायदा नाही.

आणि तरीही मी नशीबवान आहे. रविवारी संध्याकाळी आमच्याकडे आंब्याची पेटी घेऊन येणाऱ्या डिलिव्हरीवाल्याचा रविवार कुठे असतो? धानोरीच्या बांधकामावर वाळूच्या ढिगात खेळणाऱ्या पोरांची आई अंधार पडेपर्यंत तिथेच घमेली उचलत असते. लोखंड्यांचा अर्ज १८८४चा असला, तरी या दोघांना तो आजही जसाच्या तसा चालेल. त्यातली पगाराची तारीखसुद्धा बदलावी लागणार नाही.

साडेपाच हजार सह्या करणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावं आपल्याला माहीत नाहीत. त्यांनी मागितलेला रविवार मात्र आपल्या कॅलेंडरवर लाल रंगात छापलेला असतो. मुलांना शाळेत तो सुट्टीचा वार म्हणून शिकवतात. तो कुणी, कसा मिळवला, हे घरी आपणच सांगायला हवं.